मी अटी वाचल्या आणि साखरपुडा हुकता हुकता राहिला

आमच्या घरात 'अटी व शर्ती' समजणारा मी एकटाच माणूस आहे. बाकीचे 'मान्य' दाबतात आणि जेवायला बसतात.

त्यामुळे आमचा सगळा गोतावळा ज्यावर गप्पा मारतो, त्या ॲपची सूचना आली, तेव्हा पेणच्या घरी चष्मा पुसला तो मीच. 'वापराच्या अटी बदलत आहेत. सेवा वापरत राहिल्यास त्या तुम्हाला मान्य आहेत असे समजले जाईल.' खाली आणखी होतं : तुमचे फोटो वापरण्याचा परवाना तुम्ही आम्हाला देता. तोही जगभरासाठी!

"म्हणजे काय रे?" आई.

"म्हणजे उद्या तुझा फोटो अमेरिकेत साबणाच्या वेष्टनावर!"

"कुठला? नऊवारीतला?" (तिला चाललं असतं, असं मला आजही वाटतं.)

"मला सगळं नीट कळेपर्यंत कुणी ॲप उघडायचं नाय! उघडलं की संमती!"

"अहो, पण रविवारी रोह्याला नितीनचा साखरपुडा हाय," बायको म्हणाली. "काय निरोप आला तर?"

"हॉल ठरलाय, वेळ ठरलीय. आता कसला निरोप?"

नितीन माझा आत्येभाऊ. रविवारी आम्ही तिघं नटूनथटून एसटीने रोह्याला गेलो आणि हॉलमध्ये शिरलो. दारातल्या काकूंनी अत्तर लावलं, सरबत दिलं. ओळखीचं कुणी दिसेना.

"मुलीकडची माणसं असतील," मी बायकोला समजावलं.

आईने तर समोर नटून बसलेल्या मुलीची साडीने ओटीसुद्धा भरली! मुलगी गोड हसून पाया पडली. एवढ्यात कुणीतरी सजवलेला पाळणा आणला.

"साखरपुड्याला पाळणा?" बायको कुजबुजली.

"पुढचा विचार करणारी माणसं दिसतात!"

तेवढ्यात फोन वाजला. साधा फोन, बिनअटींचा. पलीकडे नितीनची आई, माझी सुमनआत्या.

"कुठं हाव रे? अंगठ्या घालायच्या थांबल्यात!"

"हॉलमध्येच आहोत की!"

"हॉल कधीच रद्द झाला, मेल्या! घरी हाय कार्यक्रम. कालपासून ग्रुपवर बोंबलतेय मी!"

मी वळून पाहिलं. आई तोवर परक्या बाळाला झोका देत पाळणा गात होती.

खरा प्रकार कळल्यावर अख्खं बारसं पोट धरून हसलं. बाळाची आई साडी परत द्यायला लागली.

"ऱ्हाऊ दे गो," आई म्हणाली, "ओटीतलं परत घेतात काय?"

अत्तरवाल्या काकूंनी आम्हाला आपल्या गाडीत घातलं, बारशाच्या घुगऱ्या दिल्या आणि स्वतःही साखरपुडा बघायला आल्या. साडी तर गेलेली! मग आईने आत्याच्या होणाऱ्या सुनेच्या ओटीत त्या घुगऱ्याच घातल्या. मुलगी लाजली, नितीन तिच्याहून लाजला आणि आत्या रागवायचंच विसरली.

परतताना एसटीत बायकोने शांतपणे सगळ्या अटी वाचल्या. "अहो, बदल फक्त ॲपवर जाहिराती देणाऱ्या दुकानदारांसाठी हाय."

"आणि तो परवाना?"

"तो पहिल्यापासूनच हाय. आपला फोटो आत्यापर्यंत पोचवायला लागतो म्हणून."

हल्ली कुठलीही सूचना आली, की घरचे मोठ्या आदराने मला तिचा अर्थ विचारतात, आणि मी सांगेन त्याच्या बरोबर उलट करतात. अजून एकदाही चुकलेले नाहीत!