उलटा बूट

अल्डीन व्हाइनॉटच्या हापशाचं पाणी न प्यायलेला माणूस आमच्या खाडीवर शोधून सापडला नसता. हिवाळी वादळात वीज गेली की आमच्या विहिरींवरचे पंप बंद पडतात. मग बादल्या, डबे, हाताला लागेल ते घेऊन सगळी वस्ती अल्डीनच्या अंगणात. सगळ्यांनी विजेचे पंप बसवले तेव्हा तिच्या नवऱ्याने, लोरनने, हापसा काढू दिला नव्हता. लोरन गेला, हापसा राहिला. कुणी आभार मानले की ती ते उडवून लावायची. "पाण्याला कोण नाही म्हणतं गं?"

तर या बाईला विमा कंपनीने सांगितलं, घर तापवायच्या तेलाची टाकी जमिनीत पुरलेली आहे ती काढा, वर नवी बसवा, नाहीतर घराचा विमा बंद. मला राग आला होता. अल्डीन म्हणाली, "बरोबर बोलतायत ते. गंजून फुटली तर माझंच पाणी नासेल." पाण्यासाठी म्हणून ती राजीखुशीने तयार झाली, हे ध्यानात ठेवा.

गार्थ नावाच्या ठेकेदाराने जुनी टाकी उपसली, खड्ड्यात वाळू भरली आणि घरामागे काँक्रीटच्या ओट्यावर नवी टाकी उभी केली. पण पुढच्या पायरीजवळचा तेल ओतायचा जुना पाइप तसाच ठेवला. लाल झाकणासकट! खाली टाकी नाही, नुसती वाळू, आणि वर पाइप ऐटीत उभा. "काँक्रीटमध्ये बसलाय, थंडीत फोडला तर पायरी तडकेल. वसंतात येतो," म्हणाला.

अल्डीनने त्याला फोन केला तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होते.

"अरे, तेलवाले वर्षानुवर्षं तिथेच नळी लावतात. एखादा चुकून ओतेल की!"

"बाई, नवी टाकी एवढी धडधडीत दिसतेय. आंधळे आहेत का ते?" तो हसला, ते मलाही ऐकू आलं.

तिने मग लोरनचा रबरी बूट आणून पाइपावर उलटा घातला. आमच्याकडे दोरावर, होडीवर, कशावरही उलटा बूट दिसला की हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गार्थच्या माणसाला कळलं नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तो विमा कंपनीसाठी फोटो काढायला आला, फोटोत घाण दिसते म्हणून त्याने बूट उपटला आणि दिला भिरकावून कुंपणापाशी. वर बर्फ पडला.

दोन दिवसांनी तेलाचा टँकर आला. अल्डीन चर्चच्या तळघरात जेवणावळीसाठी माशांच्या टिक्क्या तळत होती. टँकरवर बदली माणूस. त्याला पुढचा पाइप दिसला, त्याने नळी लावली. टाकीत तेल पडायला लागलं की आतली हवा शिटी वाजवत बाहेर येते. शिटी नाही तर तेल सोडायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. याला वाटलं, शिटी गारठली असेल. ओतलं सगळं तेल वाळूत! विहीर तिथून उताराला.

अल्डीन परतली तेव्हा अंगणात तेलाचा भपकारा होता. तिने बर्फ उकरून बूट शोधला आणि छातीशी धरून पायरीवर बसली. रडली नाही. थोड्याच दिवसांत हापशाच्या पाण्यावर रंगीत तवंग आला.

मग सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. गार्थ म्हणाला, "तेल मी ओतलं का?" तेलवाला म्हणाला, "पाइप होता म्हणून ओतलं." विम्याच्या साहेबाने तर कहर केला. तिच्याच टेबलाशी बसून, तिचाच गुळाच्या काकवीचा पाव खात म्हणाला, "टाकी गळली असती तर भरपाई दिली असती हो. तुमची टाकी तर शाबूत आहे."

"म्हणजे ती गळली नाही, हा माझा गुन्हा?" अल्डीनने विचारलं.

"नियम आहेत, बाई."

"मग गंजकी टाकीच बरी होती म्हणा की! ती एवढी वर्षं गपगुमान पडून होती. तुम्ही शहाणे आलात आणि माझी विहीर नासवून गेलात." तिने त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. मी शेजारीच उभी होते; हातात लाटणं असतं तर मी ते त्याच्या डोक्यात घातलं असतं.

जाताना तो पाण्याच्या बाटल्यांची खोकी ठेवून गेला.

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं आणि वीज गेली. विहिरीचं सगळ्यांना ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप तिकडे वळले. मीही बादली घेऊन निघाले होते. फाटकापाशी पोचलो आणि सगळेच थबकलो. हापशाच्या दांड्यावर लोरनचा बूट उलटा घातला होता.

घरामागे नवी टाकी चकाकत होती. अल्डीन पायरीवर उभी होती, शालीत, ताठ. आमच्याकडे बघवेना तिला.

"परत जा गं," ती म्हणाली. "माझ्याकडे पाणी नाही."