रुक्सानाबरोबर बघितलेले जुने भाग

रुक्साना मेली त्याला आज वर्ष झालं.

'देवाघरी गेली', 'आठवणीत अमर' असलं काही या पोस्टखाली लिहू नका. तिला या शब्दांचा वैताग यायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रुक्साना माझी कॉलेजातली रूममेट. सावंतवाडीला आम्ही एका खोलीत राहायचो. ती मूळची देवगडची, पुढे तिथेच हायस्कूलला विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही. मोठ्या भावाकडे, अस्लमभाईंकडे राहायची.

हॉस्टेलच्या टीव्हीवर एक परदेशी सायन्स फिक्शन मालिका लागायची, हिंदी डबिंगमध्ये. एक अंतराळयान. त्यातली माणसं दर काही वर्षांनी बदलायची, यान मात्र पुढे जात राहायचं. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू झालेली ती मालिका.

बाकीच्या मुलींना दुसरं चॅनल हवं असायचं.

रुक्साना रिमोटवर बसायची. म्हणजे खरोखरच बसायची. उठायचीच नाही.

मग नोकऱ्या लागल्या. मी लग्न होऊन बांद्याला आले, गोव्याच्या वाटेवरच्या हद्दीजवळच्या गावी. फोन मात्र चालू राहिले.

आणि एक दिवस तिच्या छातीत गाठ निघाली.

ट्रीटमेंट गोव्याला. देवगडहून थेट तिथे जाणं तिला झेपेना. म्हणून आदल्या दिवशी दुपारी भाई तिला माझ्याकडे आणून सोडायचे आणि सकाळी पुढे न्यायचे.

पहिल्याच मुक्कामाला चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "लॅपटॉप काढ. ते जुने भाग बघूया. अगदी पयल्यापासून."

"ते ब्लॅक अँड व्हाइट? झोप येतली तुका."

"येवंदे. माझी ट्रीटमेंट संपता तवसर कलरात पोचाक होया."

म्हणून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

काय ते भाग! कुणी दार आपटलं की यानाची भिंतच हलायची. राक्षसाचा हात म्हणजे पाण्याचा पाइप. एकदा तर कॅमेऱ्यासमोरून एक साधी घरातली माशी उडत गेली, आणि रुक्साना हसता हसता खोकायला लागली. मी घाबरले. ती हातानेच सांगत होती, थांबवू नको.

मी विचारलं, "नवीन इतके भारी आसत, तुका हे कित्याक आवडतत?"

"नव्यात सगळा खरा दिसता. माका भीती वाटणा नाय. हय ती माणसां खोट्या भिंतीक टेकून खरी घाबरतत. तां बघून माका भीती वाटता."

ट्रीटमेंट संपली. आम्ही खरंच कलरमध्ये पोचलो. पहिला कलर भाग लागला तेव्हा यानाच्या आतल्या भिंती केशरी निघाल्या. "शी! ह्यो रंग?" असं म्हणून ती सोफ्यावर आडवी झाली हसून. डोक्यावर नुकते बारीक केस यायला लागले होते. रिपोर्ट चांगले होते. भाईंनी माझ्या घरी पापलेटं पाठवली.

मला वाटलं, सुटली.

आठ महिन्यांनी फोन. "परत इला."

एवढंच. मी काय ते समजले.

पुन्हा बांद्याचे मुक्काम सुरू झाले. मी कलरमधला पुढचा भाग लावला तर म्हणाली, "नको. मागचे बघूया. बघलले."

"बघलले कित्याक?"

"त्यात कोण मरता आणि कोण वाचता तां माका ठावक आसा. नवीन काय नको माका आता."

मग आम्ही तेच तेच बघत राहिलो. ती बघायची कमी आणि मला चिकटून बसायची जास्त. तिचा दंड माझ्या मुठीत मावायला लागला होता.

शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यानंतर गाडी बांद्याला थांबायचं काही कारणच उरलं नाही.

मी लॅपटॉप घेऊन देवगडला गेले. ती खिडकीपाशी कॉटवर होती. ऐन दुपार, बाहेर लख्ख ऊन. मी तिचा सगळ्यात आवडता भाग लावला. दार आपटलं, भिंत हलली. मी मुद्दाम मोठ्याने हसले.

एकटीच.

तिने स्क्रीनकडे बघितलंही नाही.

"बंद कर गो. आवाज सोसणा नाय."

मी बंद केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने बंद करायला सांगितलं होतं. काय करावं कळेना. मी तिचे पाय चेपत बसले.

खिडकीकडे बघत म्हणाली, "माका मरूक नको गो."

शाळेत पोरांना सूर्य कसा विझणार ते खडूने काढून दाखवणारी बाई. ती असं म्हणाली.

मी तिचे पाय चेपतच राहिले.

त्याच आठवड्यात गेली. जनाजा निघाला तेव्हा मी बायकांबरोबर दारात उभी होते. कब्रस्तानात बायका जात नाहीत, तिथून पुढे फक्त पुरुष गेले.

लोक म्हणाले, वेळ जाईल तसं बरं वाटेल. वर्ष गेलं. बरं वाटलेलं नाही. त्या मालिकेचा नवा सीझन आलाय म्हणे. येऊ दे. मला त्याचा राग येतो. एवढी माणसं बदलली तरी चाललंय यांचं.

परवा भाई मासळीच्या कामाने गोव्याला जात होते. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आमच्या घरापाशी थांबले. पायरीवर बसून पाणी प्यायले.

म्हटलं, "भाई, आत येवा. जेवन जावा."

"नको गो बाय. आत इलंय तर ती थयच बसलली आसतली असा वाटतला."

मग रडले. साठीचा माणूस, हायवेच्या कडेला, सगळ्यांसमोर. मीही रडले. मग ते गाडीत बसून गेले.

रुक्साना, तुका निरोप देवक माका जमणा नाय.

तरी देतंय.