जुनं मशीन माणूस ओळखतं

"दिली का रं?"

ताटात भाकरी पडायच्या आधी हा प्रश्न यायचा. तव्यावरची भाकरी उलटताना, तोंड चुलीकडेच ठेवून ती विचारायची. नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, रेशनवर साखर दिली का, नाहीतर रॉकेल दिलं का, असं काहीतरी बाई विचारते आहे. मी म्हणायचो, "अजून नाही, अव्वा." त्यावर ती "आगली" म्हणायची. कानडीत त्याचा अर्थ 'असू दे'. मग भाकरी ताटात यायची, शेंगाची चटणी यायची, आणि दिवस पुढे सरकायचा.

प्रश्न लढाऊ विमानांचा होता. अमेरिका पाकिस्तानला विमानं विकणार की नाही, याची सबंध सोलापुरात रोज चौकशी करणारं एकच माणूस होतं, आणि ते जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत खानावळ चालवत होतं. तुमच्याही गावात एखादं असं माणूस असेल. जगाची काळजी आपल्याच डोक्यावर आहे असं समजणारं. आपण त्याला हसतो. आम्हीही हसायचो.

तिला सगळे अव्वाच म्हणत. कानडीतली आई. खरं नाव मला कधी कळलं नाही आणि विचारावंसं वाटलं नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेला खोचलेला पदर, आणि गिऱ्हाइकांची नावं स्वतःच पाडण्याची खोड. शाळामास्तर असला तर मास्तरप्पा. मी इथल्या एका दैनिकात टेलिप्रिंटरवर आलेल्या इंग्रजी बातम्या मराठीत उतरवायचं काम करी, म्हणून मी पेपरप्पा. माझं अर्धं जेवण बातम्यांच्या बदल्यात आहे असं तिला वाटत असावं, कारण बातमी नसली की ती वाढताना हात आखडता घेई.

तिचा नवरा गिरणीत मागावर होता. गिरणी बंद पडली आणि भोंगा थांबला, तसा तोही थांबला. दोन वर्षांत गेला. अव्वा त्याची गोष्ट दोनच वाक्यांत सांगायची आणि पुढचं वाक्य नेहमी मल्लूचं असायचं. मल्लू तिचा एकुलता एक. कॉलेजात एन.सी.सी.त होता, तिथून परीक्षा देत देत हवाई दलात गेला आणि चक्क लढाऊ विमानाचा वैमानिक झाला. भाकरी थापणाऱ्या बाईचा मुलगा आभाळात गेला याचं आमच्या गल्लीला कोण कौतुक. मुली सांगून यायच्या, पण विमान म्हटलं की मुलीचा बाप चहा पिऊन निघून जायचा.

एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा तो अजून शिकत होता. पण त्या दिवसांत रेडिओवर शत्रूची विमानं, शत्रूची विमानं ऐकून अव्वाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. पोराला मारणारं काही असेल तर ते त्यांचं विमान. त्यांच्याकडे चांगलं विमान आलं की मल्लूचा भरवसा नाही. त्यांना मिळालं नाही, की मल्लू शंभर वर्षांचा.

एकदा तिने मला विचारलं, त्या अमेरिकेचं आपण काय घोडं मारलंय? मी जेवता जेवता समजावलं. म्हटलं, तसं काही नसतं. तिथे विमानांचे मोठमोठे कारखाने आहेत, त्यांत हजारो माणसं कामाला. बाहेरची मागणी आली नाही तर कारखाना बंद. कारखाना बंद झाला तर तिथला निवडून आलेला माणूस पुढच्या वेळी पडला. म्हणून तो आपल्या सरकारच्या मागे लागतो की विका. दुसरा कुणी असतो, त्याच्या गावात असा कारखाना नसतो, तो म्हणतो गरीब देशांना कसली विमानं विकता. ज्याचं पारडं जड, तसं होतं.

अव्वाचा हात पिठात थांबला.

"म्हंजी त्यांची गिरणी चालावी म्हनून माज्या पोरावर विमान?"

मी म्हटलं, "असंच काहीसं."

तिने हातातली भाकरी थापून पुरी केली. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "त्यांची बी पोरं हाईत की. भोंगा बंद झाला की काय व्हतं, आमाला ठाव हाय."

संपादकीय लिहिणाऱ्या आमच्या साहेबांना यातलं एक अक्षर कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी छापता आलं नसतं. आणीबाणीचे दिवस होते. आपल्याकडच्या निवडणुका पुढे ढकललेल्या, पेपरात काय यावं हे आधी कुणीतरी तपासून देणार. आम्ही पावसाच्या आणि पिकाच्या बातम्या मोठ्या टाईपात लावत होतो. अव्वा म्हणायची, "हितलं तर काय छापत न्हाय तुमी. तितलं तरी सांग." आणि असं आम्ही दोघं परक्या देशाच्या निवडणुकीत गुंतलो. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे तिला सांगता आलं नसतं. पण तिकडे उभ्या असलेल्या दोघांपैकी कोण विमानं विकायच्या विरोधात बोलतो, हे तिला पाठ होतं. त्याला ती "आपला मानूस" म्हणायची. आपला माणूस शेंगदाण्याची शेती करतो असं मी सांगितल्यावर तर विषयच संपला. शेंगा पिकवणारा माणूस वाईट कसा असेल, असं तिचं म्हणणं. सोलापूरकराला हे पटायला वेळ लागत नाही.

आपला माणूस निवडून आला. पुढे आपल्याकडेही निवडणुका झाल्या, दिल्लीतलं सरकार बदललं, लोकांनी गुलाल उधळला. अव्वाने त्या दिवशीही विचारलं, "दिली का रं?" दिल्लीतल्या गुलालाशी तिचं देणंघेणं नव्हतं.

मग एक दिवस टेलिप्रिंटरवर ती बातमी आली. अमेरिका पाकिस्तानला ती विमानं देणार नाही. मी दुपारी खानावळीत शिरलो तो प्रश्नाची वाट न बघताच म्हणालो, "नाही दिली, अव्वा. आता देणारही नाहीत." तिने हात जोडून सिद्धरामाच्या देवळाच्या दिशेने नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी गव्हाची हुग्गी केली, गूळ-खोबरं घालून, आणि येईल त्याला वाटीभर वाढली. मी दुसरी वाटी मागितली तेव्हा हळूच म्हणाली, "पर पेपरप्पा, तितल्या कामगारांचं आता कसं रं?"

अशी होती ती. काय करायचं अशा माणसाचं, सांगा.

पुढच्या जानेवारीत मल्लू रजेवर आला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला यायचंच, असं त्याच्या आईने त्याला बजावलं होतं. सोलापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. गड्डा म्हणजे सिद्धरामाची जत्रा. तेव्हा, संक्रांतीला, आमच्याकडे नंदीध्वज निघतात. उंचच्या उंच जड काठ्या, त्या कमरेच्या पट्ट्यावर तोलून न्यायच्या, आणि नेणाऱ्याने पांढरी बाराबंदी घालायची. मल्लू कॉलेजात असताना काठी धरायचा. तो नसे त्या वर्षीही अव्वा डिसेंबरात त्याची बाराबंदी धुऊन, खळ लावून, खुंटीवर टांगून ठेवी. चुलीच्या धुराने ती पिवळी पडू नये म्हणून वर जुनं धोतर घाली. गिऱ्हाईक जेवताना त्या खुंटीखाली बसलं तर त्याला सरकून बसायला लावी.

त्या वर्षी बाराबंदीत मल्लू होता. काठी उचलली तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, आणि अव्वा गर्दीत माझा दंड धरून उभी होती. माझ्या दंडावर तिची नखं उमटली.

जायच्या आदल्या दिवशी तो जेवायला बसला होता. मीही होतो. अव्वा त्याला सांगत होती, आता काळजी न्हाय, त्यांना विमानं मिळाली न्हाईत. मल्लू हसला. म्हणाला, "अव्वा, त्यांच्या विमानाचं काय घेऊन बसलीस. आमचीच म्हातारी झाल्यात. नवी घ्यायची म्हणून मी भरती व्हायच्या आधीपास्नं चाललंय. एक सरकार ठरवतं, दुसरं येतं, ते म्हणतं पहिल्यापास्नं बघू. यांच्याकडनं घ्यायची का त्यांच्याकडनं. कुणाकडनं घेतली तर कोण रुसतंय. आणि शेजाऱ्याला न्हाय मिळाली म्हटल्यावर दिल्लीला तरी कसली घाई."

मी ताटातून मान वर केली. अव्वाने मात्र ते हसण्यावारी नेलं. तिच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ उमटली नाही, उलट एक जुना अभिमान आला.

"तुज्या अप्पाचा माग चाळीस वर्सांचा हुता," ती म्हणाली. "नवे माग लोकांची बोटं खायचे. अप्पाच्या मागानं त्याला कदी वरखडलं बी न्हाय. जुनं मशीन मानूस ओळकतं, मल्लू. नव्याची भीती."

गिरणीत उभं आयुष्य काढलेल्या घराचं ते शहाणपण होतं. या गल्लीतला कुठलाही मागवाला हेच म्हणाला असता. मल्लूने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि आणखी एक भाकरी मागितली. आईला आणखी सांगून काय करायचं, असं त्याला वाटलं असावं. माग बिघडला तर थांबतो. आभाळात बिघडलेली गोष्ट थांबत नाही.

त्याच पावसाळ्यात, ऐन जेवणाच्या वेळी, गल्लीच्या तोंडाशी एक जीप थांबली. निळ्या गणवेशातला एक तरुण अधिकारी टोपी काखेत धरून खानावळीत आला. अव्वाला वाटलं, मल्लूचा दोस्त. पोराने भाकरी खायला पाठवलाय. तिने लगबगीने पाट मांडला, ताट घेतलं, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. तो उभाच. त्याला ना मराठी येत होती, ना कानडी. त्याने माझ्याकडे बघून इंग्रजीत सांगितलं. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. रोजचं सरावाचं उड्डाण. इंजिन बंद पडलं. विमान जुनं होतं.

आयुष्यभर मी इंग्रजीतलं मराठीत करत आलो. ते चार शब्द मराठीत करायला मला जमेना. तिनेच माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. विचारलं फक्त एवढंच, "त्यांनी दिली व्हती का रं विमानं? गुपचूप?"

मी नाही म्हटलं. तिने ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. लाकडी, लांब, खिळे ठोकून बंद केलेली. उघडू नका असं अधिकाऱ्याने सांगितलं आणि का ते सांगितलं नाही. इकडे रुद्रभूमीत भाऊबंदांनी पहाटेच खड्डा खणून ठेवला होता, रीतीप्रमाणे चौकोनी आणि खोल. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, आणि तसाच मातीत बसवतात, पूजेला बसल्यासारखा. पेटी खड्ड्याशी आणली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पेटी लांब होती आणि खड्डा चौकोनी.

कुणी म्हणालं, खड्डा लांब करू. अधिकारी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. पाऊस भुरभुरत होता. विधी करायला आलेल्या स्वामींनी अव्वाकडे पाहिलं.

"उबी करा," अव्वा म्हणाली. "माजं लेकरू आडवं जानार न्हाय."

तसं केलं. खड्डा आणखी खोल केला आणि पेटी उभी करून खाली सोडली. आत काय सरकलं ते दिसलं नाही. पण आवाज झाला, आणि तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. स्वामींनी नवं लिंग पेटीवर ठेवलं. अव्वाने पिशवीतून बाराबंदी काढली, खळ लावलेली, घडी न मोडलेली, आणि पेटीच्या डोक्यावरून घातली. तिचे बंद बांधायला काही नव्हतं, म्हणून तिने ते एकमेकांत बांधले. मग भस्म आणि माती. त्या दिवशी मला देवाचा, दिल्लीचा आणि साऱ्या जगातल्या मतपेट्यांचा इतका राग आला होता की तो अजून पुरता उतरलेला नाही.

खानावळ पंधरवड्याने पुन्हा सुरू झाली. माणसं जेवायला येत, ती वाढत असे. प्रश्न मात्र बंद झाला. मीही बातम्या बाहेरच ठेवून आत जायला शिकलो.

दसरा झाल्यावर टेलिप्रिंटरवर बातमी आली. आपल्या सरकारने नवी विमानं घ्यायचं अखेर ठरवलं होतं, इंग्लंडकडून. आम्ही ती पहिल्या पानावर घेतली. मी ती तिला सांगणार नव्हतो. पण चुलीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "मास्तरप्पा म्हनत हुता, दिली म्हनून."

"हो, अव्वा. आपल्याला दिली."

"कुनी?"

"इंग्लंडने."

"तितं बी निवडनूक हाय?"

मी म्हटलं, यायचीच आहे. तिने मान डोलावली. हिशेब जुळला असावा. भाकरी फुगली, तिने ती निखाऱ्यावर धरली, आणि ती करपेपर्यंत धरून राहिली.

"त्यांच्या गिरणीच्या बाजूनं मतं. दिल्लीच्या बाजूनं मतं," ती म्हणाली. "मल्लूच्या बाजूनं किती मतं हुती रं, पेपरप्पा?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "एक तरी होतं, अव्वा. तुझं."

"न्हाय," ती म्हणाली. "तेनं हितं बसून सांगितलं मला. आन् मी त्यांचीच विमानं बगत बसले."

तिने करपलेली भाकरी बाजूला ठेवली आणि माझ्यासाठी दुसरी थापायला घेतली.

गड्ड्याच्या आधीच ती खानावळ सोडून अक्कलकोटकडे भावाकडे गेली. कुणाला सांगून गेली नाही. त्या जागेत आता सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कधीतरी हवा भरायला म्हणून मी तिथे थांबतो. चूल फोडून टाकली आहे, भिंतीला चुना दिला आहे. ती खुंटी मात्र नव्या माणसाने काढलेली नाही. तिच्यावर तो ट्यूबा टांगतो, आणि डिसेंबर आला की मी उगीचच थोडा सरकून उभा राहतो.