चुनावाले सर आणि पाहुण्या बाईंचा वाटा

इमारतीतल्या समस्त मंडळींनी चुनावाल्या सरांच्या लग्नाची आशा सोडून दिली, आणि नेमके तेव्हाच सर प्रेमात पडले. वेळेचं भान असं त्यांना कधीच नव्हतं.

सर वास्तुकलेच्या महाविद्यालयात जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकवत. त्यातही सगळा जीव चुन्यात. चुना किती भिजू द्यायचा, कशात कालवायचा, भिंत तो कधी पिते आणि कधी थुंकते, यावर ते तासन्‌तास बोलू शकत. नखं कायम पांढरी. घरात थोरली बहीण, आक्का. तिचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. ‘लोक जगाला चुना लावून बंगले बांधतात, आमचा भाऊ भिंतींना लावत बसला,’ हे ती आल्यागेल्याला ऐकवायची.

अशात महाविद्यालयाने एका परदेशी विद्यापीठाशी करार केला. विद्यापीठ लहानसंच, पण जुन्या लाकडाच्या कामात पक्कं. अभ्यासक्रम दोघांचा, पदवीवर शिक्काही दोघांचा. तिकडून शिकवायला पाहुण्या बाई आल्या. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे, पगार तिकडचाच. तिथे त्यांची म्हातारी आई होती आणि तिला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ही वाटणी बाईंना सोयीची होती. इथे आल्या की त्या सरांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या.

भाषा त्या शिकल्या आक्काकडून. त्यामुळे व्याकरणाच्या आधी टोमणे आले. आणि लहानथोर सगळ्यांना ‘तू’. प्राचार्यांनासुद्धा! ‘तू किती वेळ बोलतोस रे,’ असं त्या भर सभेत म्हणाल्या, तेव्हा मागच्या बाकावर आनंदाची लाट उसळली होती.

कुठल्याशा पडीक वखारीत विद्यार्थ्यांना घेऊन गेल्यावर बाई तुळईवर बोटांची पेरं आपटायच्या आणि कान लावून ऐकायच्या. आतून पोखरलंय की धडधाकट आहे, ते आवाजावरून कळायचं म्हणे. एकदा सरांनी विचारलं, ‘नेमकं काय ऐकू येतं?’ बाई म्हणाल्या, ‘ये, तूच ऐक.’ सरांनी कान लावला. तुळई काय म्हणाली ते सरांना सांगता येईना, पण त्या दिवसापासून गडी गेला कामातून. दाढी रोज व्हायला लागली. जिन्यात शीळ ऐकू यायला लागली. इमारतीला आणखी काय पुरावा लागतो?

वर्षं जात राहिली. बाई यायच्या, जायच्या, परत यायच्या. सर काही बोलायचे नाहीत. शेवटी यंदा त्यांनी आक्काला सांगितलं, ‘सत्र संपायच्या आत विचारणार आहे.’

‘आणि हो म्हणाली तर? ती आईला टाकून इथे राहायची नाही. तू मला टाकून तिकडे जायचा नाहीस.’

‘आत्ता आहे तसंच. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे.’

‘म्हणजे बायको अर्धी?’

‘आजवर शून्यावर भागवलं ना, आक्का?’

आक्का हसली, आणि मग उगाचच पदराने चष्मा पुसत बसली.

आणि त्याच महिन्यात तपासणी समिती आली.

परदेशी विद्यापीठांशी केलेल्या करारांसाठी नवे नियम निघाले होते. त्यातला एक असा, की अशा अभ्यासक्रमात परदेशी शिक्षकांचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाता कामा नये. महाविद्यालयाने तो कागदोपत्री बरोबर तेवढाच दाखवला होता. प्रत्यक्षात सर आणि बाई वर्गात जोडीनेच उभे राहायचे, कुणाचा तास कुठे संपतो ते विद्यार्थ्यांनाही सांगता आलं नसतं. प्राचार्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, ‘विचारतील तेवढंच बोला. हो, नाही, आणि पाणी हवंय का. बस.’

समितीच्या अध्यक्षांनी सहज विचारलं, ‘या बाईंचा सहभाग साधारण किती?’

बाई समोरच बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत जे जिन्यात, वखारीत, चहाच्या टेबलावर तोंडातून फुटलं नव्हतं, ते समितीपुढे धो धो वाहायला लागलं.

‘सहभाग कसला साहेब, हा अभ्यासक्रमच त्यांचा आहे! अर्ध्याहून जास्त त्याच शिकवतात. मी आपला चुना कालवतो.’

प्राचार्यांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. सर म्हणाले, ‘माफ करा, माझा पाय मध्ये आला,’ आणि पाय बाजूला घेऊन पुढे चालू. ‘लाकडाचं जे काही आमच्या पोरांना येतं ते यांच्यामुळे. या नसत्या तर हा विषय मी कधीच बंद करायला सांगितलं असतं.’

अध्यक्षांनी मान डोलावली. शेजारचे सदस्य लिहून घेत होते. सरांना वाटलं, कौतुक लिहून घेतायत.

समिती जिना उतरली. प्राचार्य खुर्चीत बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘सर, तुम्ही आत्ता काय केलंत ते तुमच्या लक्षात आलंय का?’

तेव्हा आलं.

आदेश यायला फार वेळ लागला नाही. अभ्यासक्रम स्थगित. पुन्हा परवानगी हवी असेल तर परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक स्थानाच्या वर हवं. बाईंचं विद्यापीठ त्या क्रमवारीत वर काय, तळालाही नव्हतं. तिकडून कळवण्यात आलं, करारच उरला नाही तर इथे राहण्याचा पगार देता येणार नाही, बाईंनी परत यावं.

सर वर गेले. बाई पुस्तकं खोक्यात भरत होत्या.

‘माझ्यामुळे झालं,’ सर दारातूनच म्हणाले.

‘माहिती आहे. मी तिथेच बसले होते.’

‘मला तुम्हाला सांगायचं होतं की...’

‘माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं,’ बाई म्हणाल्या. खोक्याची चिकटपट्टी दातांनी तोडली आणि अस्सल आक्काच्या सुरात पुढे जोडलं, ‘पण मूर्खा, मला सांगायचं होतंस. त्यांना कशाला?’

टॅक्सी आली तेव्हा सगळी इमारत गॅलरीत होती. कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी वाळलेले झटकत होतं. कुणी ओल्याचिंब झाडांना दुसऱ्यांदा पाणी घालत होतं. खाली दोघं टॅक्सीच्या दाराशी बराच वेळ उभी होती. सर काहीतरी बोलले. बाई काहीतरी बोलल्या. एक अक्षर वर ऐकू येईल तर शपथ. मग सरांनी दार लावून दिलं, आणि टॅक्सी कोपऱ्यावरून वळली तरी त्यांचा हात दार धरल्यासारखा तसाच हवेत होता. त्या दिवशी गॅलरीतलं कुणीही कुणाशी काही बोललं नाही. या इमारतीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं असेल.

सुरुवातीला फोन रोज यायचे. मग आईचं दुखणं वाढलं, बाईंना तिथे जास्तीचे तास घ्यावे लागले, आणि फोन अधूनमधून यायला लागले. सरांनी तिकडे नोकरी मिळेल का तेही गुपचूप विचारून पाहिलं. उत्तर आलं, त्यांची इथली पदवी तिथल्या नियमात बसत नाही. बसली असती तरी आक्काच्या गुडघ्यांचं काय, याचं उत्तर सरांना आधीच ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी महाविद्यालयाला नवी परवानगी मिळाली. नवं विद्यापीठ, क्रमवारीत पार वरचं. प्राचार्य पेढा द्यावा तसे घरी येऊन बातमी देऊन गेले. सरांनी अभिनंदन केलं आणि आपल्याला पहिल्या वर्षाची चित्रकला द्या, असं सांगितलं.

ते गेल्यावर दोघं जेवायला बसली. आक्काला राहवेना.

‘भाऊ, एक बोलू? त्या दिवशी टॅक्सीपाशी तरी विचारायचंस. निदान विचारलं असतंस तर मनाला रुखरुख राहिली नसती.’

‘विचारलं मी, आक्का.’

आक्काचा हात ताटावर थांबला. ‘मग?’

‘हो म्हणाली.’

आयुष्यात पहिल्यांदा आक्काला टोमणा सुचला नाही.

‘जेव,’ सर म्हणाले. ‘गार होतंय.’