सुतकात अडकलेली गाय

आमचं गाव रिठदपासून कोसभर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथे चौथीपर्यंत शाळा होती आणि शाळेचं वाचनालय म्हणजे एक कपाट. त्यात एकेचाळीस पुस्तकं. तिसरी-चौथीच्या मुलाला शनिवारी एक पुस्तक घरी मिळे. ते घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि पुढच्या शनिवारी परत करताना मास्तरांना त्यात काय होतं ते सांगायचं. सांगता आलं तरच दुसरं पुस्तक. नियम चांगला होता. पण आमच्या घरी त्याच्यावर आत्याचे नियम होते.

आत्या वडिलांची थोरली बहीण, बालविधवा, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे राहत असे. तिला वाचता येत नव्हतं. छापलेलं पुस्तक म्हणजे पोथी, अशी तिची समजूत. मी हातपाय धुऊन बसे, ती कापूस निवडत ऐके, आणि वाचन झालं की पुस्तक फडक्यात बांधून देवाच्या कोनाड्यात ठेवी. गणिताची कोडीसुद्धा तिने अशीच ऐकली.

चौथीत असताना मला गुरांच्या रोगांवरचं पुस्तक मिळालं. त्यात एक शेतकरी होता, त्याची एक गाय होती आणि गुरांना होणारे सगळे रोग लेखकाने त्या एकाच गाईला आणले होते. पहिल्या प्रकरणात पोट फुगलं, दुसऱ्यात लाळ-खुरकूत झाली. आत्याला त्या गाईचा घोर लागला. मला घरी यायला उशीर झाला तर ती रस्त्यावर येऊन उभी राही.

बुधवारी घटसर्पाचं प्रकरण चालू असताना मानोऱ्याहून माणूस आला. आमचे एक चुलत आजोबा वारले होते. आत्याने मला तिथेच थांबवलं. सुतकात पोथी वाचत नाहीत. पुस्तक कोनाड्यात गेलं, आणि दहा दिवस त्या कोनाड्याला घरातलं कुणी हात लावणार नव्हतं. वडील म्हणाले, शेजाऱ्याकडून काढून घेऊ, शाळेचं आहे. आत्या म्हणाली, अर्धी पोथी जागची उठवत नसतात.

शनिवार गेला. सोमवारी वाशीमहून डिपुटी साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी मुलांकडची पुस्तकंही मागवून सगळी मोजली तर चाळीस भरली. मास्तरांनी खरं कारण सांगितलं, पण साहेबांना ते कारण वाटेना. ते मास्तरांना घेऊन आमच्या दारात आले. वडील हात जोडून उभे राहिले. आत्या उंबऱ्याच्या आत होती.

साहेब म्हणाले, "बाई, ते पुस्तक सरकारचं आहे."

"सरकारले सुतक नसते, साहेब. आमाले हाय."

"ती पोथी नाही. गुरांच्या रोगांचं पुस्तक आहे."

"तुमी वाचलं काय?"

साहेबांनी वाचलं नव्हतं.

"मंग गाय जगते का मरते, तुमाले बी ठाऊक नाही," आत्या म्हणाली.

साहेबांनी दारातच हुकूम दिला की माझं नाव वाचनालयातून कापावं आणि सुतक फिटताच पुस्तक जमा करावं. अकराव्या दिवशी सकाळी मास्तर आले तेव्हा आत्या नदीवर धुणं धुवत होती. वडिलांनी पुस्तक देऊन टाकलं. आत्या परतली, तिने कोनाडा पाहिला आणि ओल्या लुगड्यानिशी शाळेत गेली. मास्तर भले होते. पुढलं वाचून सांगतो म्हणाले. आत्याला ते पटलं नाही. पोथी कुणाच्या सांगण्यावर ऐकत नसतात.

माझी चौथी संपत आली होती आणि पुढे शाळाच नव्हती. उन्हाळा गेल्यावर आत्याने वडिलांना सांगितलं, धाकटीला शाळेत घाल. धाकटी म्हणजे माझी बहीण. आमच्या घरातली मुलगी तोवर शाळेत गेली नव्हती.

"कायले?" वडिलांनी विचारलं.

"गाय अर्धी राह्यली."

वडील बराच वेळ वाद घालत होते. आत्या कापूस निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी तीच बहिणीला घेऊन गेली. मास्तरांनी तिला बजावलं की पुस्तक तिसरीपासून मिळतं, म्हणजे मुलगी नापास झाली नाही तरी दोन वर्षं लागतील. आत्या म्हणाली, "थांबीन."

बहीण नापास झाली नाही. होण्याची सोयच नव्हती, आत्या रोज तिच्या पाटीसमोर बसे. तिसरीच्या पहिल्या शनिवारी तिने ते पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. या वेळी नात्यात कुणी वारलं नाही. गाय घटसर्पातून वाचली, फऱ्या रोगातूनही वाचली, आणि शेवटच्या पानावर ती धडधाकट झाल्याने शेतकऱ्याने तिला बाजारात चांगल्या किमतीला विकलं.

आत्याने पुस्तक फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलं. पुढच्या शनिवारी बहीण पुस्तक परत करायला निघाली तेव्हा आत्याने तिला दारात थांबवलं.

"मास्तरले इचार," ती म्हणाली, "जेनं गाय इकत घेतली, त्याचं पुस्तक हाय काय?"