पुणतांब्याच्या घाटावर मामांचं सोनं

"सोनं शोधायला चाललोय," मामांनी जाहीर केलं आणि बेलापूरच्या आमच्या घरात सगळे पोट धरून हसले. मी सोडून, कारण सोबतीला मलाच जायचं होतं! बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट, होळी नुकतीच झालेली.

मामांची सगळी नोकरी कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेली. सुटताना फाटकावर रोज अंगझडती, त्यामुळे कण काही घरी आला नाही. मामी टोमणा मारायची, "नवरा सोन्याच्या खाणीत आणि माझ्या गळ्यात नुसते काळे मणी!" मामा म्हणायचे, "रिटायर होऊ दे, स्वतःच्या हातानं काढून देतो." ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी मामी गेली. शब्द तेवढा राहिला. पुणतांब्याला गोदावरीच्या वाळूत सोनं सापडतं असं कुणीतरी सांगितलं मात्र, म्हातारा हट्टालाच पेटला.

जायचं तर सकाळची पॅसेंजर धरा. रमतगमत जाते, पण तिकीट स्वस्त आणि खिडकीशी उसाचे मळे. स्टेशनावरून टांगा मिळतो. घासाघीस करायला लाजू नका. जेवण मात्र बांधून न्या. आमच्याकडे भाकरी, ठेचा नि कांदा होता.

घाटाखाली साळूबाई म्हणून एक बाई गुडघाभर पाण्यात वाळू धूत होती. तिच्या घरचा हाच धंदा. मामांनी रीतसर विचारलं, तिनं लाकडी काठवट पुढं केली.

"हलकं हलवा, बाबा. मळनी न्हाई करायची!"

मामांनी पहिली काठवट सगळीच सांडली. पुन्हा भरली, पुन्हा धुतली. ऊन डोक्यावर आलं, त्यांची कंबर धरली, मी जेवायला हाका मारून दमले. खरं सांगते, मला राग येत होता आणि रडूही.

दुपार कलताना तळाच्या काळ्या वाळूत पिवळा कण चमकला.

"लीले, बघ! नाशिकच्या डोंगरातून वाहत आलं असणार!"

साळूबाई हसली. "डोंगरातलं कसलं, बाबा? मेल्याल्या मानसाच्या तोंडात सोनं घालत्यात न्हवं? राख हितंच सोडत्यात. त्येच हाय ह्ये."

मामांचा हात थांबला. मामीची रक्षाही याच घाटावर सोडली होती.

"मग हे कुणाचं?"

"त्ये गंगेलाच ठावं. आन पयला कन आमी ठेवत न्हाई, गंगेला माघारी देतो. दुसरा घावला तर तुमचा."

"अहो बाई, दिवसभर जीव काढलाय त्यांनी!" मी भांडायलाच उठले. पण मामा पुढं पाण्यात शिरले होते. बोटावर कण घेऊन म्हणाले, "घे गं. स्वतःच्या हातानं काढलंय." आणि बोट पाण्यात बुडवलं.

दुसरा कण त्यांनी शोधलाच नाही. निघताना जुन्या सवयीनं दोन्ही खिसे उलटे करून साळूबाईला दाखवले.

"जावा, बाबा, जावा," ती म्हणाली.

मला काय मिळालं म्हणाल, तर पातळाच्या काठात अडकलेली वाळू. कितीतरी धुण्यांना निघत होती. घरी सगळे दारातच टपलेले. "काय मामा, सापडलं का सोनं?"

मामांनी पाय धुतले, आत जाऊन मामीच्या फोटोचा हार सरळ केला.

"सापडलं," म्हणाले. "देऊनही आलो."