एसटीत जागा होती

बालाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझा मोबाईल कंपनीच्या लॉकरमध्ये होता. चाकणच्या आमच्या कंपनीत कामाच्या जागी मोबाईल न्यायला बंदी आहे. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर बालाजीच्या मेहुण्याचे सात मिस्ड कॉल. सात आकडा बघूनच मी बाकावर बसलो… शेजारच्या लॉकरवाल्यानं विचारलं, "काय राव, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "बरंय की." इतक्या सहज म्हणालो की नंतर मलाच त्याची लाज वाटली.

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची रीत आहे आणि बालाजीबद्दल चांगलं लिहायला मला फार आठवावंही लागत नाही. पण त्याच्या आजारपणात मी त्याला एका देवळाबद्दल धडधडीत खोटं सांगितलं होतं. ते वगळून बाकीचं लिहिलं, तर तेही खोटंच होईल.

आम्ही दोघं एकाच वर्षी भोसरीत कारखान्यांचे साचे बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये लागलो. मी साताऱ्याकडचा, तो लातूरकडचा. दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. बालाजी फिटर होता, पण नुसता फिटर म्हणून भागणार नाही. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसावेत म्हणून एकाला पातळ निळा रंग लावतात, दुसऱ्यावर घासतात आणि जिथं निळं लागेल तेवढाच उंचवटा हातानं खरवडून काढतात. मग परत रंग, परत घासणं. एकेका कामाला आठवडा जातो. मला तासाभरात कंटाळा यायचा. बालाजी मात्र गुणगुणत करायचा. त्याच्या हातचं काम साहेब लोक पाहुण्यांना दाखवायला आणायचे, आणि त्या वेळी हा हात पुसत मागं जाऊन उभा राहायचा.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी सगळं पुणं जिथं गर्दी करतं, तिथं गुरुवारी शुकशुकाट. बालाजीनं याचा फायदा घेतला. पहिल्यांदा त्यानं मला भुलेश्वरला, डोंगरावरच्या जुन्या देवळाला नेलं. पुण्याहून दौंडच्या गाडीनं यवत, पुढं मिळेल ते वाहन, नाही मिळालं तर पाय. पिशवीत भाकरी, शेंगांची चटणी, कांदा आणि पाण्याची बाटली. हॉटेलची पायरी चढायची नाही, हा त्याचा नियम होता. पैसे नव्हते हे खरंच, पण पुढं पैसे आल्यावरही त्यानं तो मोडला नाही. "हॉटेलात बसलं की ध्यान खाण्यात ऱ्हातंय," म्हणायचा.

वर पोचल्यावर मी दर्शनाला आत गेलो. बाहेर आलो तर हा भिंतीला नाक लावून उभा. खिशातून फिलर गेज काढलेलं. दोन भागांमधली फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या असतात त्या. त्यातली सगळ्यात बारीक पट्टी तो दोन दगडांच्या सांध्यात घालून बघत होता. तेवढ्यात पुजारी ओरडले, "अहो, काय टोचताय देवाला?"

"देवाला नाही महाराज, भिंतीला," बालाजी म्हणाला. "बघा की, जाईना झालीय. चुना नाही, सिमेंट नाही. कसं बसवलं असंल हो?"

पुजारी रागानं आले होते, पण मग तेही वाकून बघायला लागले. "खरंच की," म्हणाले. "इतकी वर्षं पूजा करतोय, हे नाही कधी बघितलं." जाताना त्यांनी आम्हा दोघांना मूठभर जास्तीचा प्रसाद दिला.

परतीच्या गाडीत बालाजीनं त्याचा दुसरा नियम सांगितला. ज्यानं त्यानं एक गोष्ट सांगायची, जी दुसऱ्याच्या नजरेतून सुटली असेल. ज्याला सांगता येणार नाही, त्यानं पुढच्या गुरुवारी पिशवी उचलायची. मी बराच विचार केला. मला पिंड आठवत होती, घंटा आठवत होती, बाकी काही नाही.

"तू देवाला बघितलंस, देवळाला नाही," तो म्हणाला. "उचल पिशवी."

पहिलं वर्षभर पिशवी माझ्याच खांद्यावर होती. मग हळूहळू मला दिसायला लागलं. पाऊल पडून पडून मधोमध झिजलेला उंबरा. अर्धवट सोडलेलं एखादं फूल… कारागीर आजारी पडला असेल का, गाव सोडून गेला असेल का, यावर आम्ही एसटीत भांडायचो. इतकं सांगतो, शाळेनं मला वाचायला शिकवलं, बघायला बालाजीनं शिकवलं.

त्याच्या स्वभावाचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. एकदा टूलरूममधले आम्ही पाचसहा जण घोडनदीकडच्या एका पडक्या देवळाला गेलो होतो. परतताना आमच्यातल्या एकानं पिशवीतून नक्षीचा छोटा तुकडा काढून दाखवला. "पडलाच होता. शोकेसमध्ये ठेवतो." बालाजीनं हात पुढं केला. तुकडा हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि एसटीची घंटा ओढली. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं." दीड-दोन कोस चालत परत जाऊन त्यानं तो तुकडा जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर त्या मित्राला म्हणाला, "जागा घावली रे, बरोबर बसला." बस्स. समोरच्याची चूक तो अशी उचलून जागेवर ठेवायचा आणि मोकळा व्हायचा. त्या मित्रानं नंतर स्वतःच मान खाली घातली.

वर्षं गेली. मी चाकणला सुपरवायझर झालो, मोशीत फ्लॅट घेतला, गाडी घेतली. बालाजी भोसरीतच राहिला, थेरगावात दोन खोल्या केल्या. माझ्या गाडीनं चल म्हटलं तर यायचा नाही. "गाडीनं गेलं की परतायची घाई होतीय." मग महिन्याचे चार गुरुवार होते ते दोन झाले, दोनाचा एक.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चालायला दम, पाण्यावर बंधन. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा तो खिडकीपाशी कॉटवर पडला होता. म्हणाला, "माझं सोड. तू जात जा. आणि मला येऊन एक गोष्ट सांगत जा. पिशवी आता तशीबी मला उचलवंना."

मी गेलो. खरंच गेलो, सातआठ देवळांना गेलो. संध्याकाळी थेरगावला जाऊन सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच विचारायचा, "हात लावलास का? खरबरीत होतं का गुळगुळीत?" सुमनवहिनी, त्याची बायको, दारातून म्हणायच्या, "भाऊजी येऊन गेले की यांना जेवण जातं." हे माहीत असूनही मी पुढं जे केलं ते केलं.

जुन्नरच्या पश्चिमेला नदीकाठी महादेवाचं एक जुनं, लहानसं देऊळ आहे. बालाजीला ते बघायचंच होतं, राहून गेलं होतं. "पुढल्या गुरुवारी तिथं जा," म्हणाला. गुरुवारी सकाळी मी भोसरीत एसटीची वाट बघत उभा राहिलो. अर्ध्या तासानं एसटी आली. मी चढलो नाही. गर्दी होती, गुडघा दुखत होता, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. एसटीत जागा होती. खिडकीची होती. मला नुसता कंटाळा आला होता. घरी येऊन मी मटण खाल्लं, झोपलो, उठल्यावर मोबाईलवर त्या देवळाचा कुणीतरी टाकलेला व्हिडिओ बघितला आणि आठ वाजता थेरगावला गेलो.

त्या दिवशी बालाजी फार थकलेला दिसत होता. मला वाटलं, आजाराचं असेल. मी दाराच्या चौकटीवरच्या वेलीबद्दल सांगितलं, चांगलं रंगवून सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. हात लावलास का, हे काही त्यानं विचारलं नाही.

"ऊन होतं का रे?" एवढंच विचारलं.

"होतं की."

"पायाला चटके बसले असतील."

"बसले जरा."

"बरं," तो म्हणाला. "जा आता घरी. दमला असशील."

त्यानंतर दोन महिन्यांनी तो गेला. त्या दोन महिन्यांत त्यानं मला पुन्हा कुठं जा म्हटलं नाही. मी आपला सुटलो म्हणून खूश.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "त्या गुरुवारची तुमची चुकामूक मात्र व्हायला नको होती बगा. किती हौसेनं गेले होते."

"कुठं?"

"जुन्नरकडच्या देवळाला. तुम्हाला चकित करायचं म्हणून माझ्या भावाची गाडी काढायला लावली. मी नको नको म्हणत होते. दुपारभर वाट बघितली म्हणं. घरी आल्यावर म्हणाले, तो नदीच्या अंगानं आला आसंल, मी रस्त्याच्या अंगाला बसलेलो, चुकामूक झाली."

मी मनात तो गुरुवार पुन्हा मांडून बघितला. तो दुपारभर तिथं होता. मी रंगवून सांगत होतो तेव्हा त्याच्या पायाला खरंच चटके बसलेले होते. आणि त्यानं मला पकडलं तर नाहीच, उलट बायकोपाशी माझी बाजू घेतली…

"वहिनी, चुकामूक नव्हती," मी म्हणालो. "मी गेलोच नव्हतो."

त्यांनी पदरानं हात पुसले, पुसतच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाल्या, "मग आता जाऊन या."

पुढच्याच गुरुवारी गेलो. भोसरीहून एसटीनं जुन्नर, तिथून माणसं भरली की सुटणारी वडापची जीप, शेवटचं अंतर पायी. आभाळ भरून आलं होतं, देवळात कुणी नव्हतं. फाटकाशी एक म्हातारी बेलफुलांची टोपली घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, दोनतीन महिन्यांपूर्वी एक आजारी माणूस इथं बसला होता का, हाताला पट्टी वगैरे…

"व्हय, आठवतंय की," ती म्हणाली. "लई वेळ बसलं हुतं. सोबतचा मानूस म्हनत हुता, चला दाजी, तर ह्ये म्हनायचं, येतंय माजं दोस्त, एसटीला उशीर झाला आसंल. मला म्हनलं, मावशी, तुमी न्हाई कदी देऊळ बगितलं, चला दावतो. मला हात धरून दावलं. हितंच जल्म गेला माजा, पर ते न्हवतं म्हाईत."

"काय दाखवलं?"

ती उठली, कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं चालू लागली. देवळाच्या मागच्या भिंतीपाशी, कमरेएवढ्या उंचीवर, एका कोरीव पट्टीवर तिनं बोट ठेवलं. मला काही दिसलं नाही. "नख फिरवा," ती म्हणाली. फिरवलं. एका जागी नख हलकंसं अडलं. छिन्नीचा घाव चुकून तिथला टवका उडाला असावा. कारागिरानं तेवढाच चौकोन काढून त्यात दुसरा दगड असा बसवला होता, त्यावरची नक्षी अशी पुढं नेली होती, की डोळ्यांना पत्ता लागू नये. टूलरूममध्ये बिघडलेलं काम आम्हीही असंच वाचवायचो. बालाजीनं ते बघितलं तेव्हा मी अजून खोटं बोललो नव्हतो. त्यात माझ्यासाठी काही निरोप होता, असं मी म्हणणार नाही. तो फक्त दिवसभराची त्याची एक गोष्ट घेऊन माझी वाट बघत होता, आणि ती त्यानं मला कधीच सांगितली नाही.

"घावलं न्हवं?" म्हातारीनं विचारलं. "आता त्यास्नी सांगा, म्हनावं फुलवाली इचारत हुती."

'सांगतो' हा शब्द अगदी ओठावर आला होता. म्हातारीला बरं वाटलं असतं, मलाही सोपं गेलं असतं.

"ते गेले, मावशी," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी मी येणारच नव्हतो."

ती वळून फाटकाकडं चालू लागली. मग फाटकाशी परत आलो तेव्हा तिनं पायरीवरची बेलाची टोपली उचलून बाजूला ठेवली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर हात फिरवला.

"हितं बसलं हुतं ते," ती म्हणाली. "बसा."